बोरघाटातलं रिव्हर्सिंग स्टेशन: एका निर्णयाचा ६६ वर्षांचा हिशेब

मुंबई–पुणे रेल्वेमार्गावर खंडाळ्याच्या खालच्या अंगाला १८६३ ते १९२९ या काळात प्रत्येक गाडीला एक सक्तीचा थांबा होता. गाडी एका आंधळ्या, म्हणजे पुढे वाट नसलेल्या, फाट्यात शिरायची, इंजिन सुटून दुसऱ्या टोकाला लागायचं आणि ज्या तोंडाने आत आली त्याच्या उलट तोंडाने गाडी पुढे निघायची. याला रिव्हर्सिंग स्टेशन म्हणत. ते का बांधलं, त्याने काय साधलं आणि ते काढायला दोन पिढ्या का लागल्या, याचा हा अभ्यास.

प्रकरण जुनं आणि सार्वजनिक आहे, म्हणून ठिकाणं खरी आहेत आणि निर्णय समजायला लागतात तेवढीच नावं घेतली आहेत. अपघातांत सापडलेल्या ड्रायव्हर-गार्डांची नावं मुद्दाम टाळली आहेत. इथे दोष आखणीत शोधायचा आहे.

## पार्श्वभूमी

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचं, म्हणजे जीआयपीचं, खरं लक्ष्य मात्र ठाणं नव्हतं. दख्खनचा कापूस मुंबईच्या बंदरात आणायचा तर सह्याद्री चढावा लागणार होता. कोकणातून लोहमार्ग १८५६ मध्ये खोपोलीपर्यंत पोचला. वरच्या बाजूला खंडाळा ते पुणे हा भाग जून १८५८ मध्ये सुरू झाला. मधला घाट तेवढा रिकामा राहिला.

पुढची जवळपास पाच वर्षं प्रवासी खोपोलीला उतरून पालखी, टांगा किंवा बैलगाडीने घाट चढत आणि खंडाळ्याला पुन्हा गाडीत बसत. १८३० चा गाडीरस्ता होता, त्यामुळे माणसांचं कसंबसं निभत होतं. मालाचं तसं नव्हतं. कापसाच्या गाठी दोनदा उतरवायच्या, दोनदा चढवायच्या, त्यात पावसाळा. दोन्ही टोकांना रूळ पडून होते आणि मधल्या पंचवीसेक किलोमीटरमुळे त्या भांडवलाचं पूर्ण चीज होत नव्हतं. पुढचे सगळे निर्णय या दडपणाखाली झाले, हे लक्षात ठेवलेलं बरं.

## अडचण

घाटाची एकूण चढण १,८३१ फूट, म्हणजे सुमारे ५५८ मीटर. ती पावणेसोळा मैलांत चढायची. सरासरी चढ ४५-४६ ला १ पडतो; प्रत्यक्षात बराच भाग ४० ला १ आणि सगळ्यात तीव्र भाग ३७ ला १ आहे. ३७ ला १ म्हणजे ३७ मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर. डांबरी रस्त्यावर हा चढ मोटारीला जाणवणारही नाही. पोलादी रुळावर पोलादी चाक असतं तेव्हा मात्र गणित बदलतं, कारण घर्षण कमी हा रेल्वेचा सपाटीवरचा सगळ्यात मोठा फायदा आणि चढावरची सगळ्यात मोठी अडचण.

त्या काळी याला उदाहरणं नव्हती असं नाही. इंग्लंडमधला लिकी इनक्लाइन १८४० पासून वापरात होता आणि त्याचा चढ ३७.७ ला १, म्हणजे जवळजवळ हाच. पण तो जेमतेम दोन मैलांचा. ऑस्ट्रियातला सेमेरिंग १८५४ मध्ये सुरू झाला होता. बोरघाटात लिकीसारखा चढ मैलोन्‌मैल होता, तोही वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या कातळावर.

चढापेक्षा अवघड प्रश्न वळणाचा होता. सह्याद्रीची ही बाजू पायऱ्यापायऱ्यांची आहे: उभा कडा, मग अरुंद धार, पुन्हा कडा. लाइन एका धारेच्या कडेने चढत येते आणि खंडाळ्याच्या आधी अशा जागी पोचते, जिथून माथा दिसतो पण सरळ जाता येत नाही. उंची अजून बाकी असते आणि ती मिळवायची तर तोंड फिरवून मागे वळायला हवं. ब्रॉडगेजचं वळण तीनशे मीटर त्रिज्येचं धरलं, तरी पूर्ण उलट फिरायला सहाशे मीटर रुंद जागा लागते. धारेवर ती नव्हती. दरीवर पूल टाकत किंवा डोंगर पोखरतच ती तयार करावी लागली असती.

## समोरचे पर्याय

पहिला पर्याय घाटच बदलायचा. सुरुवातीच्या आखण्यांत माळशेज घाटाचा विचार होता. एकाच घाटातून वर जाऊन पुढे दोन दिशांना फाटे काढायचे, अशी ती कल्पना. कागदावर ती काटकसरीची दिसते. मुख्य इंजिनिअर जेम्स बर्कले यांनी पाहणीनंतर ती बाजूला ठेवली आणि दोन वेगळे घाट निवडले: पुण्याकडे बोरघाट, नाशिक-खानदेशाकडे थळ घाट. मला हा या प्रकरणातला सगळ्यात धाडसी निर्णय वाटतो. एका अवघड कामाऐवजी दोन अवघड कामं अंगावर घेणं कोणत्याही संचालक मंडळाला पटवणं सोपं नसतं.

दुसरा पर्याय दोराचा. माथ्यावर स्थिर वाफेचं इंजिन बसवायचं आणि दोराने डबे ओढायचे. खाणींमध्ये आणि सुरुवातीच्या इंग्रजी रेल्वेंवर ही पद्धत रुळलेली होती. पण दोराच्या लाइनवर दिवसाला किती डबे चढतील याला कडक मर्यादा असते आणि दोर तुटला तर सगळा घाट बंद. मुख्य मार्गासाठी ते परवडणारं नव्हतं.

तिसरा पर्याय म्हणजे जास्त बोगदे खोदून सलग, न थांबणारी लाइन काढायची. तांत्रिकदृष्ट्या सरस आणि शेवटी १९२९ मध्ये झालं तेही असंच. १८५६ मध्ये मात्र डायनामाइट नव्हतं, दाबाच्या हवेवर चालणारी ड्रिल हाताशी नव्हती. बेसॉल्टच्या कातळात हाताने पहारीची भोकं पाडायची, बंदुकीची दारू ठासायची, बत्ती द्यायची, दगड उपसायचा. घाटात तसेही २५ बोगदे करायचेच होते. त्यात आणखी लांब बोगदे घालणं म्हणजे उद्घाटनाची तारीख अंधारात ढकलणं.

चौथा पर्याय रिव्हर्सिंग स्टेशन. धारेच्या टोकावर सपाट फाटा काढायचा. गाडी त्यात शिरेल, थांबेल, इंजिन टोक बदलेल आणि गाडी वरच्या लाइनने मागे फिरेल. वळणाची जागा लागत नाही, खोदाई वाचते आणि चढ हाताबाहेर जात नाही. बर्कले यांच्या दृष्टीने आणखी एक सोय होती: सलग उताराचे दोन तुकडे होतात आणि मध्ये गाडीला हमखास थांबावं लागतं.

बर्कले यांनी चौथा पर्याय घेतला. थळ घाटातही हीच युक्ती वापरली गेली.

## काय केलं

२४ जानेवारी १८५६ ला काम सुरू झालं. कंत्राट विल्यम फॅव्हिएल यांच्याकडे होतं. कड्यांवर उभं राहायलाही जागा नसे, म्हणून काही बोगद्यांची तोंडं वरून दोरांनी सोडलेल्या माणसांनी कोरली. काम मुख्यतः पावसाळ्याबाहेरच्या महिन्यांत चाले. दर जूनला वेग पडायचा आणि पाऊस सरला की पुन्हा माणसं जमवायची, हे सात वर्षं चाललं.

१८५९ च्या सुरुवातीला थकलेल्या मजुरीवरून कामावर दंगल झाली आणि त्याच वर्षी फॅव्हिएल यांनी कंत्राट सोडलं. नवे कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल मुंबईत पोचले आणि थोड्याच आठवड्यांत आजाराने वारले. त्यानंतर त्यांच्या पत्नी अॅलिस ट्रेडवेल यांनी कंत्राट स्वतःकडे ठेवलं, अनुभवी इंजिनिअरांच्या हाती रोजचं काम सोपवलं आणि ते तडीस नेलं. ऐन भरात घाटात चाळीस हजारांवर मजूर होते. पटकीच्या साथींनी किती माणसं नेली याचे वेगवेगळे आकडे फिरतात. मी त्यातला कोणताच इथे घेत नाही.

बर्कले आजारी पडून इंग्लंडला परतले आणि १८६२ मध्ये वारले. २१ एप्रिल १८६३ ला गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते घाट खुला झाला.

गाड्यांसाठी वेगळी तयारी होती. घाटात खास टाकीवाली इंजिनं आणली, म्हणजे पाणी इंजिनाच्याच अंगावर वाहणारी. पाण्याचं वजन चाकांवर पडतं आणि चाकं रुळाला धरून राहतात. त्यांना थेट रुळावर दाबला जाणारा घसरब्रेकही होता. बाकी गाडीला ब्रेक म्हणजे ब्रेक व्हॅनमधल्या माणसांनी हाताने आवळायचे. ड्रायव्हरने शिट्टी द्यायची, मागच्यांनी ती ऐकायची आणि चक्र फिरवायचं. सगळ्या डब्यांना एकदम लागणारे ब्रेक त्या काळात रूढ नव्हते.

## परिणाम: आधी काय दिसलं

पालखी-टांग्याचा टप्पा संपला आणि मुंबई-पुणे सलग गाडी सुरू झाली. या मोजमापाने निर्णय यशस्वी ठरला.

चार वर्षांनी, जुलै १८६७ मध्ये, घाटातला महुकीमल्लीचा कमानीचा पूल कोसळला. त्या काळातल्या जीआयपीच्या दगडी कामांत हलक्या बांधणीची तक्रार बरीच होती: बाहेरून घडीव दगड, आत कच्चा भराव, चुना बेताचा. अनेक पूल नंतर नव्याने बांधावे लागले. याचा रिव्हर्सिंग स्टेशनशी थेट संबंध नाही. पण घाईचा हिशेब कुठेतरी चुकता होतोच, तो इथे झाला.

दुसरी घटना थेट संबंधाची. १८६९ मध्ये घाट उतरणारी गाडी याच स्टेशनात थांबवता आली नाही. फाट्याच्या टोकाला पुढे काहीच नव्हतं, खाली दरी. माणसं दगावली.

इथे जरा थांबायला हवं, कारण मूळ निर्णयाची कमकुवत बाजू या घटनेत आहे. घाट उतरताना प्रत्येक टनामागे साडेपाच मेगाज्यूलच्या आसपास ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. एवढ्या उष्णतेत अठरा लिटर पाणी उकळीला येईल, आणि हा हिशेब फक्त एका टनाचा आहे. दोनशे टनांच्या गाडीत ती सगळी उष्णता ब्रेक ब्लॉक आणि चाकांत जाते. लाकडी ब्लॉक जळतो, लोखंडी तापून पकड सोडतो. त्यावर पावसाने ओला झालेला रूळ.

रिव्हर्सिंग स्टेशनमुळे गाडीला थांबावंच लागतं, म्हणून ते सुरक्षेचं साधन, असा युक्तिवाद होता. पण थांबता येणं ही जर सुरक्षेची अटच असेल, तर थांबता न आल्यास काय, याचं उत्तर तिथल्या भूगोलात हवं. फाटा चढाचा असता तर सुसाट गाडी आपोआप मंदावली असती. हा सपाट होता आणि दरीच्या तोंडाशी संपत होता.

नंतर घाटात कॅच सायडिंगची पद्धत रूढ झाली, तिने नेमकं हेच दुरुस्त केलं. उतारावर ठरावीक जागी मुख्य लाइनपासून एक फाटा वर चढत जातो. सांधा, म्हणजे गाडी कोणत्या रुळावर जाईल ते ठरवणारा हलता रूळ, एरवी त्या फाट्याकडेच लावलेला असतो. उतरणारी गाडी सांध्याआधी पूर्ण थांबली, ताब्यात असल्याचं सिद्ध झालं, की मगच सांधा मुख्य लाइनकडे फिरतो. न थांबलेली गाडी चढावर जाऊन निपचित पडते. गाडीवर विश्वास न ठेवता आखणी करणं म्हणतात ते हे. आजही घाटात ही व्यवस्था आहे.

## परिणाम: जे उशिरा दिसलं

रिव्हर्सिंग स्टेशनचा खरा खर्च दरीत नव्हता, फाट्याच्या लांबीत होता. गाडी फाट्यात पूर्ण मावली पाहिजे, तरच मागचा सांधा बदलता येतो. म्हणजे मुंबई-पुणे मार्गावरच्या गाडीची कमाल लांबी त्या धारेच्या टोकावर ठरली. इंजिनं ताकदवान झाली, सगळ्या गाडीला लागणारे व्हॅक्यूम ब्रेक आले, डबे मोठे झाले. फाटा तेवढाच राहिला. तो वाढवायचा तर दरीतच भराव घालायचा. शिवाय प्रत्येक गाडीने तिथे इंजिन बदलण्यात वेळ घालवायचा आणि तोवर मागच्या-पुढच्या गाडीने वाट पाहायची. एका गाडीची दहा-पंधरा मिनिटं क्षुल्लक वाटतात. दिवसभराच्या वेळापत्रकात तीच मिनिटं घाटातून किती गाड्या जातील ते ठरवतात.

तरीही हे ६६ वर्षं चाललं. कारण प्रत्येक वेळी, स्वतंत्रपणे पाहिलं तर, नवे बोगदे खोदण्यापेक्षा आहे तसं चालवणं स्वस्त होतं.

कोंडी फुटली ती विजेमुळे. कल्याण–पुणे मार्गाचं १,५०० व्होल्ट डीसीवर विद्युतीकरण करायचं ठरलं. ठाकुर्लीचं चोळा पॉवर हाऊस उभं राहिलं. मालगाड्यांसाठी स्विस आराखड्याची, मधल्या जोडांत वाकून वळण घेणारी इंजिनं आली, ज्यांना आपल्याकडे ‘खेकडा’ हे नाव पडलं. एवढा पैसा ओतायचा आणि गाडी पुन्हा त्या फाट्यात शिरवायची, हे कोणालाच पटण्यासारखं नव्हतं. १९२९ मध्ये नव्या बोगद्यांची लाइन काढून रिव्हर्सिंग स्टेशन बंद केलं. १ जून १९३० ला ‘दख्खनची राणी’ सुरू झाली. जुन्या लाइनवर ती तशी धावूच शकली नसती.

खेकड्याने ब्रेकचं जुनं दुखणंही बरंच हलकं केलं. उतारावर त्याच्या मोटरी जनित्रासारख्या चालत आणि वीज वरच्या तारेत परत जाई. टनामागे जी ऊर्जा पूर्वी ब्लॉक जाळत होती, ती दीड युनिट भरते; तोटे वजा जाता तिचा काही भाग त्याच वेळी दुसरीकडे घाट चढणाऱ्या गाडीला मिळे.

## वेगळं काय करता आलं असतं

१८५६ चा निर्णय मी बदलला नसता. हाताने कातळ फोडण्याच्या काळात, दोन्ही टोकांना तयार रूळ पडून असताना, सलग लाइनचा हट्ट धरला असता तर घाट आणखी बरीच वर्षं टांग्यावर राहिला असता. रिव्हर्सिंग स्टेशन हा त्या वेळच्या हत्यारांना झेपणारा तोडगा होता.

दोन गोष्टी मात्र तेव्हाही करता आल्या असत्या. एक, फाट्याचं टोक चढाचं ठेवणं, किंवा त्याच्या आधी उतारावर कॅच सायडिंग देणं. सांधा, रूळ आणि चढ, यासाठी भविष्यातलं कोणतंही तंत्र लागत नव्हतं. १८६९ च्या आधी हे का सुचू नये, असं आजच्या माणसाला सहज वाटतं. पण त्या काळी सुरक्षा ही माणसाच्या दक्षतेवर सोपवायची बाब होती. ड्रायव्हरने जपून चालवावं, हाच नियम.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. तात्पुरत्या तोडग्याला मुदत घातली नव्हती. गाडीची लांबी अमुक झाली, किंवा दिवसाच्या गाड्या अमुक झाल्या, की सलग लाइनचं काम हाती घ्यायचं, असा आकडा कागदावर असता तर डायनामाइट आणि यंत्राची ड्रिल हाती आल्यावर, म्हणजे विसाव्या शतकाच्या आधीच, हा प्रश्न पुन्हा उघडला गेला असता. तो उघडायला विद्युतीकरणासारखं दुसरंच मोठं निमित्त लागलं. अभियांत्रिकीतले बरेच तात्पुरते तोडगे असेच मुरतात: ते चालत असतात, म्हणून त्यांच्याकडे कोणी बघत नाही.

१९२९ च्या कामावरही एक प्रश्न राहतो. नवी लाइन काढताना थांबा काढला, चढ मात्र ३७ ला १ च राहिला. चढ सौम्य करायचा तर लाइन लांबवावी लागली असती, बोगदे वाढले असते. विजेच्या इंजिनांच्या ताकदीवर भरवसा ठेवून तो खर्च टाळला. त्याचा हप्ता आजही चालू आहे. एक साधा हिशेब पाहा. १२० टनांचं इंजिन कोरड्या रुळावर ३० टनांच्या आसपास ओढ देऊ शकतं. वीस-बावीस डब्यांची गाडी इंजिनासकट बाराशे टनांच्या पुढे जाते आणि ३७ ला १ च्या चढावर नुसतं तिला धरून ठेवायलाच ३२-३३ टन लागतात. म्हणून कर्जतला मागून बँकर, म्हणजे गाडी ढकलणारी जादा, इंजिनं लावतात. ती मागूनच का, यालाही कारण आहे: पुढून सगळा भार ओढला तर डब्यांच्या कपलिंगवर ताण येतो आणि एखादं तुटलं तर मागचा भाग उतारावर सुटतो. मागून ढकललं की दोन्ही धोके कमी होतात.

या खर्चातून सुटका झाली ती लाइन न बदलता, गाडी बदलून. १० फेब्रुवारी २०२३ ला सुरू झालेली मुंबई–सोलापूर वंदे भारत बँकर न लावता घाट चढते, कारण तिच्या निम्म्या डब्यांखाली मोटरी आहेत आणि ओढ एका इंजिनाच्या चाकांवर न पडता गाडीभर वाटली जाते. बाकीच्या लांब गाड्यांना कर्जतचा थांबा आणि मागची इंजिनं अजून चुकलेली नाहीत.